साखरपुडा झाला, पण आता पूर्वीसारखे वाटत नाही

तुळशीचे लग्न उरकले की कोल्हापुरातल्या मंगल कार्यालयांची दारे फुलांनी सजू लागतात आणि साधारण त्याच सुमारास राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक ठरावीक वाक्य ऐकू येऊ लागते. बोलणारी कधी मुलगी असते, कधी मुलगा. लग्न कधी घरच्यांनी जमवलेले असते, तर अनेकदा दोघांनी स्वतःच जमवून घरच्यांना राजी केलेले असते. वाक्य मात्र तेच असते : “मॅडम, साखरपुडा झाला आणि आता पूर्वीसारखं काही वाटत नाही. माझं प्रेम खरं नव्हतंच का?” हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा असतो, कारण बाहेर हॉल ठरलेला असतो, पत्रिका छापायला गेलेली असते आणि मनात आलेली शंका सांगावी अशी एकही व्यक्ती घरात उरलेली नसते. हीच काळजी इतक्या जणांकडून ऐकल्यानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी मी अश्विनी आणि रणजित यांची हकीकत निवडली आहे. दोघांच्या संमतीने लिहीत आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अश्विनी माझ्याकडे एकटीच आली तेव्हा साखरपुड्याला पाच आठवडे झाले होते. औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन ती औषधांच्या एका ठोक दुकानात साठ्याचे काम पाहत होती. प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, आलेला आणि गेलेला माल हे सगळे नोंदवण्याची हाताला सवय होती आणि ही सवय तिने आपल्या मनालाही लावली होती. मोबाईल माझ्यापुढे धरून तिने व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले आकडे दाखवले. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री, आज रणजितविषयी किती प्रेम वाटले, याला ती दहापैकी गुण देत होती. सुरुवातीला नऊ होते, मग आठ, मग सहा, पुन्हा सहा, मग चार आणि एका रात्री तीन. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढू लागले की सगळे कोल्हापूर एकमेकांना “आज किती फूट?” असे विचारत असते, त्याच धास्तीने ही मुलगी रोज रात्री स्वतःची पातळी मोजत होती. फरक इतकाच होता की नदीच्या बाबतीत पाणी चढण्याची भीती असते आणि हिला उतरण्याची भीती होती.

“कधी भेटलात तुम्ही?” असे मी विचारले, तेव्हा तिच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. “पुरात,” ती म्हणाली.

जुलै २०२१ चा महापूर कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. त्या वर्षी पाणी ५६ फुटांच्या वर गेले होते. प्रयाग चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांतली कुटुंबे जनावरांसह बाहेर काढावी लागली होती. अश्विनी तेव्हा शेवटच्या वर्षात शिकत होती आणि एका शाळेत उघडलेल्या निवारा केंद्रात औषधे वाटण्याचे काम करीत होती. रणजितचे गाव करवीर तालुक्यातले. पण पदविकेच्या शिक्षणापासून तो शिवाजी पेठेत मामाकडे राहत होता आणि मामाच्या तालमीच्या पोरांबरोबर बोटीतून सामान पोचवायला जात होता. पाण्याने वेढलेल्या एका घरात अडकलेल्या आजोबांचे इन्सुलिन संपल्याचा निरोप संध्याकाळी केंद्रावर आला. अश्विनीने बर्फाचे तुकडे घातलेल्या थर्मासमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून इन्सुलिन ठेवले आणि समोर उभ्या असलेल्या अनोळखी मुलाच्या हातात तो थर्मास दिला. तो रात्री नऊ वाजता नखशिखान्त भिजून परत आला, दारातूनच “पोचवलं” एवढे म्हणाला आणि चहाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या क्षणी मला कळले, असे अश्विनी म्हणते.

ही गोष्ट पुढे दोन्ही घरांत इतक्या वेळा सांगितली गेली की ती घराण्याच्या मालकीचीच झाली. पाहुण्यांनी पोटजात वेगळी असल्याचा मुद्दा काढला तेव्हा अश्विनीच्या आजोबांनी आधी हीच गोष्ट सांगितली आणि मग, आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा शाहू महाराजांनी १९१९ सालीच आपल्या संस्थानात केला होता, तेव्हा शाहूंच्या गावात निदान पोटजातीचे तरी काढू नका, असे सुनावून बैठक पार पाडली. साखरपुड्यात तिच्या भावाने माईक हातात घेऊन पुन्हा तीच गोष्ट सांगितली, तेव्हा पाणी रणजितच्या गळ्यापर्यंत आलेले होते आणि थर्मास त्याने डोक्यावर धरलेला होता. “मॅडम, तो बोटीत बसून गेला होता,” अश्विनी मला म्हणाली. “सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. आणि तेव्हाच पहिल्यांदा वाटलं की आज मला आतून काहीच होत नाही.”

केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवून दिले होते की आठवण ही पेटीत जपून ठेवलेली वस्तू नसते; आपण ती दर वेळी नव्याने रचतो, आणि पुन्हा पुन्हा सांगताना गोष्टीतले खाचखळगे बुजत जाऊन ती ऐकणाऱ्यांच्या अपेक्षेच्या साच्यात बसू लागते. प्रेमात पडलेल्या जोडप्यांच्या बाबतीत हे मी सतत पाहते. भेटीची गोष्ट जितकी देखणी होत जाते, तितके आजचे साधे दिवस तिच्यापुढे फिके पडतात. हॉलवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची, मानपानाच्या साड्या मोजायच्या, ताटाचा दर किती यावरून वाद घालायचा आणि रात्री थकून झोपताना स्वतःला विचारायचे, की पुराच्या रात्री छातीत जे धडधडले ते आज का धडधडत नाही? अशा तुलनेत कोणतेही प्रेम नापासच होणार.

मी मात्र पहिल्या दोन भेटींत वेगळ्याच वाटेने गेले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी माणसांत रुजवलेली विवेकनिष्ठ विचारांची पद्धत हा माझ्या कामाचा पाया आहे आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. या पद्धतीला मराठीने एक देणगी दिली आहे, असे मी नेहमी सांगते. ती म्हणजे आपला ‘च’. माणसाची इच्छा कोणत्या ठिकाणी हट्ट बनते, ते हे एक अक्षर अचूक दाखवते. “मला खात्री असावी” ही इच्छा आहे. “मला खात्री असलीच पाहिजे” हा हट्ट आहे, आणि तो पुरा होणे कोणाच्याही हातात नसल्यामुळे त्यातून चिंता जन्माला येते. अश्विनीची वाक्ये मी कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवली : लग्नाआधी शंभर टक्के खात्री वाटलीच पाहिजे, प्रेम खरे असेल तर ते रोज जाणवलेच पाहिजे, शंका आली म्हणजे काहीतरी चुकलेच. तिने पेन घेऊन प्रत्येक ‘च’भोवती स्वतःच गोल केला आणि म्हणाली, “पटतंय मला.”

त्या आठवड्यात तिने स्वतःला पाच, चार, चार असे गुण दिले.

हुशार माणसांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते. त्यांना चूक लगेच दिसते, ती मान्यही होते आणि भीती जिथल्या तिथे राहते. मी तिला इटलीतल्या पिसा विद्यापीठात झालेल्या एका अभ्यासाविषयीही सांगितले होते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांच्या रक्तातला, सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी निगडित असा एक घटक तपासला गेला. मंत्रचळाचा (ओसीडी) आजार असलेल्या रुग्णांमध्ये तो जितका कमी होता, तितकाच या प्रेमिकांमध्येही कमी आढळला. त्यांच्यापैकी काही जणांना बारा ते अठरा महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा तो सर्वसाधारण पातळीवर आलेला होता. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण सुरुवातीचा झपाटलेपणा ही शरीराची तात्पुरती अवस्था असते, एवढे समजायला तो पुरेसा आहे. अश्विनीने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “म्हणजे ते संपणारच असतं. मग संपल्यावर उरतं काय, हे कसं कळायचं?”

खरा प्रश्न हा होता आणि तो तिने मला शिकवला, असे मी मानते. उपदेशाने त्याचे उत्तर देता येणार नव्हते. ते तिच्याच आयुष्यात कुठेतरी पडलेले असणार होते आणि आम्हाला ते शोधायचे होते.

तिसऱ्या भेटीला मी रणजितलाही बोलावले. तो फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम करीत होता. शिफ्ट संपवून थेट आला होता आणि हाताच्या रेषांत वाळूची काळी पूड तशीच होती. अश्विनीने त्याला सगळे सांगितले होते, गुणांसह. तो दुखावला गेला होता, पण त्याने तक्रार केली नाही. मी दोघांना सांगितले, की तुम्ही कसे भेटलात आणि कसे जवळ आलात ते एकेकाने सांगायचे, दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही. आणि अट अशी की पाहुण्यांना जे सांगता ते वगळून सांगायचे. थर्मास बाजूला ठेवायचा.

अश्विनी अडखळली. थर्मासशिवाय तिच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, किंवा तसे तिला वाटत होते. रणजितने मात्र सरळ सुरुवात केली.

“त्या रात्रीचं मला फारसं आठवत नाही मॅडम,” तो म्हणाला. “लई थंडी वाजत होती, भूक लागली होती. चहा संपतोय का काय, एवढंच डोक्यात होतं. हिची ओळख झाली, बरी वाटली, पण त्यापेक्षा जास्त काही नाही.” अश्विनी चमकून त्याच्याकडे पाहू लागली. “पाणी उतरल्यावरचं आठवतंय. आम्ही गाळ काढायला गेलो होतो, ही पण आली होती ब्लिचिंग पावडर घेऊन. एका मावशींचं घर होतं. गव्हाचं पोतं भिजून कुजलेलं, गाद्या रस्त्यावर टाकलेल्या, वास म्हणजे विचारू नका. भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या खांद्याएवढी. आम्ही पोरं पाइप लावून भिंती धुवायला लागलो, तर ही ओरडली, ‘थांबा, रेघ पुसू नका!’ म्हणाली, आधी रेघेचा फोटो काढा, मावशींना रेघेशेजारी उभं करून काढा, पंचनामा व्हायचाय अजून. मग हिनं मावशींचं रेशन कार्ड, बँकेचं पुस्तक, घरफाळ्याची पावती असं सगळं शोधलं आणि दोरी बांधून कपडे वाळत घालावेत तसं एकेक कागद चिमट्यानं लावून वाळत घातलं. बाकीचे सगळे हळहळत होते. ही एकटी मावशींचं नुकसान भरून कसं मिळेल ते बघत होती. मला वाटलं, आपलं काही वाहून जायची वेळ आली, तर शेजारी असं माणूस पाहिजे.”

खोलीत काही वेळ कोणीच बोलले नाही. मग अश्विनी अगदी हळू म्हणाली, “हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.”

“कुणी विचारलंच नाही की,” रणजित म्हणाला. “सगळ्यांना बोटीचंच ऐकायचं असतं.”

मी या कामात बरीच वर्षे आहे, तरी असा क्षण आला की अंगावर काटा येतो. तीन वर्षे ही मुलगी असे समजत होती की या माणसाला पुराच्या रात्रीची धाडसी अश्विनी आवडली आहे, आणि आता साड्यांच्या याद्या करणारी, बिलांवरून हुज्जत घालणारी, पावत्या जपून ठेवणारी अश्विनी त्या गोष्टीतल्या मुलीला पुरी पडत नाही. प्रत्यक्षात त्याने याद्या करणारी आणि पावत्या जपणारी अश्विनीच निवडली होती. जोडप्यांना मी तेव्हापासून एक प्रश्न आवर्जून विचारते आणि वाचकांनाही तो विचारून पाहायला सांगते : तुमच्या जोडीदाराच्या मनात तुमच्याविषयी कोणत्या दिवशी काय बदलले, हे तुम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकले आहे का? दोघांच्या तारखा क्वचितच जुळतात. आणि ज्याची तारीख मागाहूनची, साध्या दिवसाची असते, त्याच्या सांगण्यात बहुधा जास्त तथ्य असते.

पण काम इथे संपले नाही. पुढच्या भेटीला अश्विनी एकटी आली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, “त्याला मी का आवडते ते कळलं. पण प्रश्न माझा होता ना? मला तो आवडतो का, ते अजून कळत नाही.” मी तिला मोबाईल उघडायला सांगितला. ते आकडे मी पूर्वी पाहिले होते, पण फक्त आकडेच पाहिले होते. या वेळी माझी नजर प्रत्येक आकड्याच्या कोपऱ्यातल्या वेळेवर गेली. एका आठवड्यात सगळे गुण रात्री साडेदहाच्या आसपास दिलेले होते. पुढच्या आठवड्यात रोज साडेबाराच्या पुढे. त्यापुढच्या आठवड्यात पुन्हा साडेदहा.

“गुण कधी देतेस?” मी विचारले.

“झोपताना.”

“मग एक आठवडा साडेदहाला झोपतेस आणि पुढचा आठवडा साडेबाराला, असं का?”

तिने मोबाईलकडे पाहिले. “रणजितची सेकंड शिफ्ट असते ना, तेव्हा उशीर होतो. तो घरी पोचला की ‘पोचलो’ म्हणून मेसेज टाकतो. तो आल्याशिवाय मला झोप लागत नाही.”

“हे किती दिवस चाललं आहे?”

“फाउंड्रीत लागल्यापासून. तीन वर्षं होतील.”

“ज्या रात्री तू तीन गुण दिलेस, ती रात्र दाखव.”

तिने बोटाने पडदा वर सरकवला. आकडा तीन होता आणि वेळ एक वाजून दहा मिनिटे. त्या रात्री त्याची गाडी पंक्चर झाली होती. दोन वेळा फोन करून, गॅलरीत उभी राहून, तो सुखरूप पोचल्याचे कळल्यावर ती अंथरुणावर आली होती. आणि मग आज छातीत धडधडले नाही म्हणून तिने स्वतःच्या प्रेमाला दहापैकी तीन गुण दिले होते. ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. डोळे पुसून म्हणाली, “पूर ओसरला की आमच्याकडं कुणी नदी आटली म्हणत नाही.”

याहून नेमके मला सांगता आले नसते. भावना मोजायला बसले की मोजणाऱ्याची नजर आतल्या कंपनांवर खिळते आणि प्रेम ज्या सवयींत, जागरणांत, काळजीत मुरलेले असते तिकडे लक्षच जात नाही, कारण त्या गोष्टी सवयीच्या झाल्यामुळे जाणवेनाशा झालेल्या असतात. पायाखालची फरशी आपल्याला जाणवते का? म्हणून मी सांगते, की “मला काय वाटते?” हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा आणि “मी काय करतो, मी काय करते?” असे स्वतःला विचारा. कोणासाठी जागता, वाईट बातमी आधी कोणाला कळवता, दोन पेढे मिळाले तर एक कोणासाठी ठेवता, कोणासमोर आजारी पडायला संकोच वाटत नाही? शंकेच्या दिवसांत ही उत्तरे मनातल्या धडधडीपेक्षा जास्त भरवशाची असतात. मोजणे मात्र बंद करावेच लागते. दर तासाला ताप पाहणाऱ्याला आपण आजारी आहोत असेच वाटत राहते. त्याचप्रमाणे मैत्रिणीला, वहिनीला, मावशीला, रोज नव्या माणसाला “तुला काय वाटतं, हाच बरोबर आहे ना?” असे विचारत फिरण्यानेही शंका तात्पुरती शमते आणि दुप्पट भूक लागून परत येते.

आता सावधगिरीचे. प्रत्येक शंका अशी निरुपद्रवी नसते आणि मी सगळ्यांना “होईल ठीक” असे सांगून लग्नाला उभे करत नाही. समोरची व्यक्ती फोन तपासत असेल, कोणाशी बोलायचे आणि काय घालायचे हे ठरवू लागली असेल, चारचौघांत अपमान करीत असेल, एकदाही हात उगारला असेल, व्यसन, कर्ज, आजार किंवा आधीचे लग्न लपवले असेल, तर ती शंका आपले काम चोख करीत आहे, तिचे ऐकावे. मानपानाच्या नावाखाली गाडी किंवा रोख रक्कम मागितली जात असेल, तर हुंडा देणे आणि घेणे हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि लग्नाआधी मागणारे लग्नानंतर थांबत नाहीत. हिंदू विवाह कायद्यात, जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे आणि तो मोडला म्हणून कोणाचे आयुष्य मोडत नाही. “लोक काय म्हणतील” याची धास्ती आईवडिलांना वाटते हे मला समजते, पण सुपारी फुटली म्हणून मुलीला ढकलून देण्यापेक्षा चार दिवस लोकांचे ऐकून घेणे कितीतरी बरे. तसेच काही जणांना ही शंका दिवसाचे तासन्‌तास सोडत नाही, जेवण आणि झोप उडते, तेच तेच प्रश्न मनात फिरत राहतात. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. औषधांचीही मदत होते आणि त्यात कमीपणा नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

भीती आणि धोका यांतला फरक ओळखायचा तर मी एक साधी खूण सांगते. धोका असतो तेव्हा घटना सांगता येतात : अमक्या दिवशी तो असे बोलला, तिने असे केले. नुसती भीती असते तेव्हा घटना सापडत नाहीत, फक्त “पण पुढं तसं झालं तर?” अशी वाक्ये सापडतात. अश्विनीच्या पाच भेटींत रणजितविरुद्ध एकही घटना निघाली नव्हती.

आणि तरीही तिच्या शंकेच्या पोटात एक खरा प्रश्न होता. माझ्या अनुभवात तो जवळजवळ नेहमी असतो आणि तो भावनेचा नसून व्यवहाराचा असतो. विचारायचा धीर होत नाही म्हणून तो प्रेमाच्या शंकेचा वेष घेऊन येतो. आकडे थांबल्यावर आठवड्याभराने तो वर आला. लग्नानंतर रणजितच्या गावी, एकत्र कुटुंबात राहायचे होते. दुकानात महिन्याअखेरीस साठ्याची मोजदाद असते, त्या दिवशी रात्रीचे नऊ वाजतात. “नऊ वाजता सून घरी आलेली चालेल का, हे कुणी बोललंच नाही,” ती म्हणाली. “बैठकीत सगळं ठरलं. साड्या ठरल्या, पंगती ठरल्या. माझी नोकरी कुणी काढलीच नाही, आणि मीही नाही.”

हा प्रश्न रणजितला कसा विचारायचा याची आम्ही तयारी केली. “मला लग्नाची शंका येते” असे म्हणायचे नाही, कारण त्याने ऐकणारा माणूस स्वतःच्या बचावाला लागतो. “मला नोकरी सोडायची नाही, आणि महिन्यातले दोन दिवस मला रात्री उशीर होईल, घरी हे कसं बसवायचं?” असे विचारायचे. तिने तसे विचारले. रणजितला याचा विचारच सुचलेला नव्हता आणि त्याने तो तसा सुचला नसल्याचे कबूल केले, हे मला त्याच्या बाजूने फार मोठे वाटले. आईशी तोच बोलला. पहिल्यांदा घरात अबोला झाला, मग आईंनी “मोजदादीच्या दिवशी रणजितनं तिला घेऊन यायचं, एकटीनं त्या रस्त्यानं यायचं नाही,” अशी अट घातली. अश्विनीला अट अर्धी आवडली, अर्धी नाही. पण लग्नाआधी तिच्या नोकरीविषयी त्या घरात कोणीतरी स्पष्ट वाक्य बोलले होते, आणि ते वाक्य बोलले गेल्यावर तिला झोप लागू लागली.

लग्न मे महिन्यात झाले. मंडपात थर्मासची गोष्ट पुन्हा सांगितली गेली, असे तिने मला कळवले. या वेळी रणजित पोहत गेला होता.

लग्नानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत जोडप्याने एकदा तरी यावे, असा माझा आग्रह असतो. त्यांची भेट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठरली होती. त्या दिवशी राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने ३९ फुटांची पातळी ओलांडली होती. सकाळी अश्विनीचा फोन आला. गावाकडचा बंधारा पाण्याखाली गेल्यामुळे रणजित रात्री लांबचा वळसा घालून दोन वाजता घरी आला होता.

“मी जागीच होते मॅडम, सासूबाईही जाग्या होत्या,” ती म्हणाली. “सकाळी सगळ्यांनाच उठायला उशीर झाला. आता निघालो तरी वेळेत पोचणार नाही. पाणी उतरल्यावर येऊ का?”

मी तिला पुढच्या आठवड्यातली वेळ दिली.